टेबलावरील भूमिका-खेळांत दबा आणि बेसावधपणा : युद्धनियमांचा एक विवेचक अभ्यास

सारांश

टेबलाभोवती बसून, संवाद आणि फासे यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत दबा धरून केलेला हल्ला हा नेहमी येणारा प्रसंग आहे. बेसावध गाठलेल्या पक्षाला नियमांनी नेमका कोणता तोटा द्यावा, हा प्रश्न १९७४ पासून या खेळांच्या रचनाकारांसमोर आहे. प्रस्तुत लेखात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९७४ ते २०२४ या कालखंडातील आवृत्त्यांचा प्रामुख्याने, व अन्य काही खेळांचा तुलनेपुरता, विचार केला आहे. बेसावध पक्षाची खेळी काढून घेण्याकडून ती केवळ लांबविण्याकडे नियमांचा प्रवास झाला आहे. बेसावधपणा ही पात्राची स्थिती असली, तरी तिची शिक्षा प्रत्यक्ष खेळाडूला भोगावी लागते, हे या प्रवासामागील कारण असल्याचे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिका-खेळ, दबा, बेसावधपणा, पुढाकार, संभाव्यता, न्याय्यता.

१. प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर काहीही लपलेले नसते. प्रतिस्पर्ध्याचा उंट कोठे आहे, हे दोघांनाही दिसते; त्याच्या मनातील बेत तेवढा अज्ञात असतो. प्रत्यक्ष युद्धात मात्र शत्रू कोठे आहे, किती आहे, किंबहुना आहे की नाही, हेच ठाऊक नसते. ही अज्ञाताची बाजू खेळात आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न प्रशियाचा लष्करी अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या 'क्रिगस्पील' या युद्धखेळात झाला. त्यात दोन्ही पक्षांच्या वर एक पंच असे. जे सैन्य शत्रूच्या दृष्टीस पडलेले नाही, ते नकाशावर मांडले जात नसे. त्याची नोंद पंचापाशी राही. दबा धरून बसण्याची सोय खेळात झाली ती या पंचामुळे.

दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. युद्धखेळांच्या परंपरेतून निघालेल्या या खेळात सैन्याऐवजी एकेक व्यक्ती आली, आणि पंचाच्या जागी कथेचा सूत्रधार आला. दबा धरण्याचा प्रश्नही या वारशातूनच नव्या खेळात आला; परंतु त्याचे स्वरूप बदलले. पलटण बेसावध सापडली तर सेनापतीची भूमिका करणाऱ्या खेळाडूचे काही मोहरे जात. येथे मात्र खेळाडूजवळ एकच पात्र असते, आणि ते त्याने कित्येक महिने जोपासलेले असते. त्या पात्राला झुडपाआडून आलेल्या बाणाने काहीही करण्यापूर्वी मरण आले, तर नियमानुसार ते योग्य असेलही. पण ते न्याय्य आहे काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

२. खेळाचे स्वरूप

या प्रकारच्या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी काही गोष्टी प्रारंभी स्पष्ट करणे आवश्यक आहे. साधारणतः चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. एक व्यक्ती सूत्रधार असते. ती परिस्थितीचे वर्णन करते, शत्रूंच्या व इतर सर्व पात्रांच्या वतीने निर्णय घेते आणि नियमांचा अर्थ लावते. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल, तिचा निकाल फाशाने ठरतो. आजच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये त्यासाठी मुख्यतः वीस बाजूंचा फासा वापरतात. फाशावरील अंकात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवतात आणि येणारी बेरीज ठरविलेल्या अंकाशी ताडून पाहतात.

लढाई फेऱ्यांमध्ये विभागलेली असते. प्रत्येक फेरीत प्रत्येक पात्राला एक खेळी मिळते. या खेळीत ते हलू शकते, वार करू शकते किंवा मंत्र टाकू शकते. खेळीचा क्रम 'पुढाकारा'च्या फाशाने ठरतो. पात्र किती मार सोसू शकते, हे 'जीवनगुणां'वरून कळते. म्हणजे लढाईत खेळाडूच्या हाती असलेले खरे भांडवल दोन प्रकारचे : जीवनगुण आणि खेळी. यांपैकी खेळी अधिक मोलाची आहे, कारण तिच्याद्वारेच खेळाडू खेळात भाग घेतो.

३. दोन वेगळ्या संकल्पना

मराठीत 'दबा धरून बसणे' आणि 'बेसावध गाठला जाणे' हे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग आहेत, आणि त्यांतील भेद प्रस्तुत विषयासाठी उपयुक्त आहे. दबा ही हल्लेखोराची कृती आहे. तीत जागेची निवड, वेळेची निवड आणि लपण्याचे कसब येते. बेसावधपणा ही दुसऱ्या पक्षाची अवस्था आहे. दबा धरूनही समोरचा सावध असू शकतो. उलट, कोणीही दबा धरलेला नसताना दोन टोळ्या वळणावर समोरासमोर येऊन दोघीही गाफील सापडू शकतात.

नियमांना म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला, कोण बेसावध आहे हे कसे ठरवायचे? दुसरा, बेसावध असणे ही गटाची अवस्था मानायची की व्यक्तीची? तिसरा, बेसावध असल्याचा तोटा कोणता? पुढील ऐतिहासिक आढाव्यात प्रत्येक आवृत्तीने या तीन प्रश्नांना दिलेली उत्तरे पाहू.

४. नियमांचा विकास : १९७४ ते २०२४

१९७४ च्या मूळ नियमांत उत्तर अगदी सुटसुटीत होते. ज्या पक्षाला दुसऱ्याची चाहूल लागलेली नाही, त्याच्यासाठी सहा बाजूंचा फासा टाकावा. १ किंवा २ पडल्यास तो पक्ष बेसावध. अशा वेळी दोन्ही पक्षांतील अंतर १० ते ३० फूट धरावे, आणि सावध पक्षाला एक मोफत हालचाल मिळावी. या हालचालीत पळून जाणे, मंत्र टाकणे वा चाल करून जाणे यांपैकी काहीही करता येई. दोन्ही पक्ष अनभिज्ञ असल्यास संभाव्यतेचे गणित सोपे आहे. एक पक्ष बेसावध असण्याची शक्यता १/३; दोन्ही बेसावध असण्याची १/९; विशिष्ट एकच पक्ष बेसावध असण्याची २/९; आणि कोणीच बेसावध नसण्याची ४/९. येथे बेसावधपणा पूर्णपणे दैवाधीन व गटाचा आहे. कौशल्याला फारसे स्थान नाही.

१९७८-७९ च्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीत कौशल्य आले आणि त्याबरोबर गुंतागुंतही. फेरी एक मिनिटाची, आणि तिचे सहा सेकंदांचे दहा खंड. फाशावर पडलेला अंक किती खंड बेसावधपणात जातील हे सांगू लागला. वनरक्षकासारखे पात्र १ ते ३ या अंकांवर शत्रूला चकवी, आणि स्वतः मात्र केवळ १ वर चकित होई. चपळाईच्या गुणांमुळे एकेका व्यक्तीचा बेसावध काळ कमी-अधिक होई. वास्तवाच्या दृष्टीने हे सूक्ष्म होते. पण टेबलावर हिशेब करता करता लढाई थांबून राही. याउलट, १९८१ मध्ये टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या प्राथमिक संचात पुन्हा १-२ चा साधा फासा आणि एका फेरीची निष्क्रियता, एवढेच ठेवण्यात आले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने दहा बाजूंचा फासा घेतला. त्यावर १ ते ३ पडल्यास बेसावध, आणि परिस्थितीनुसार अधिक-उणे गुण.

खरा पालट २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत झाला. बेसावधपणा दैवावर न ठेवता कौशल्यांच्या सामन्यावर ठेवण्यात आला. लपणारा आपल्या लपण्याच्या कौशल्याचा फासा टाकी, आणि शोधणारा पाहण्या-ऐकण्याच्या कौशल्याचा. ज्यांना शत्रूची जाणीव आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र 'बेसावध फेरी' होई आणि तीत त्यांना मर्यादित खेळी मिळे. शिवाय लढाईत आपली पहिली खेळी होईपर्यंत प्रत्येक पात्र 'अप्रस्तुत' समजले जाई. त्याच्या चपळाईचा बचावातील लाभ जाई, आणि चोर-पात्राला अशा शत्रूवर अतिरिक्त फाशांचा घाव घालता येई. म्हणजे दबा धरणाऱ्याने बेसावध फेरीत वार करून पुढाकारही जिंकला, तर समोरच्याला हात हलविण्यापूर्वी तो दोनदा वार करू शके. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ही बेसावध फेरी कायम ठेवली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत स्वतंत्र फेरी काढून टाकण्यात आली. प्रथम सर्वांचा पुढाकार ठरावा. जो बेसावध आहे त्याला आपल्या पहिल्या खेळीत हलता वा कृती करता येणार नाही, आणि ती खेळी संपेपर्यंत प्रतिक्रियाही देता येणार नाही. बेसावधपणा आता पूर्णतः व्यक्तीचा झाला. एकाच गटातील एक जण सावध आणि दुसरा गाफील असू शके. यातून एक विसंगती मात्र निर्माण झाली. बेसावध पात्राचा पुढाकार हल्लेखोरापेक्षा वरचढ आला, तर त्याची निष्क्रिय खेळी हल्ला होण्यापूर्वीच येऊन जाई आणि ते 'सावध' होई. प्रत्यक्षात अजून काहीच घडलेले नसे. बेसावध शत्रूवर प्राणघातक घाव घालणे हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्या मारेकरी-पात्राचा लाभ अशा वेळी केवळ फाशामुळे जाई.

२०२४ च्या सुधारित नियमांत खेळी काढून घेण्याची कल्पनाच सोडून देण्यात आली. बेसावध पात्राने पुढाकारासाठी दोन फासे टाकावेत आणि कमी असलेला अंक घ्यावा, एवढाच तोटा उरला. त्याला खेळी मिळते. ती बहुधा उशिरा मिळते. पन्नास वर्षांत नियम 'गमावलेली खेळी' येथून 'लांबलेली खेळी' येथे आला.

५. गमावलेल्या खेळीची किंमत

हा बदल का झाला असावा, हे समजण्यासाठी एका खेळीचे मोल मोजून पाहणे उचित ठरेल. समान बळाचे चार विरुद्ध चार असे दोन पक्ष घेऊ. प्रत्येक वार लागण्याची शक्यता निम्मी, आणि दोन वार लागले की प्रतिस्पर्धी पडतो, असे मानू. दबा धरलेल्या पक्षाला एक पूर्ण फेरी मोफत मिळाली आणि सर्वांनी एकवटून हल्ला केला, तर सरासरीने दोन वार लागतील, म्हणजे एक शत्रू पडेल. नुकसान वरकरणी अल्प वाटते. परंतु पुढील लढाई चार विरुद्ध तीन अशी होते.

येथे ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला वर्गनियम उपयोगी पडतो. नेमून मारा करणाऱ्या दोन पक्षांचे बळ त्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे हा नियम सांगतो. चार विरुद्ध तीन म्हणजे १६ विरुद्ध ९. फरक ७, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २.६. म्हणजे दुसरा पक्ष नष्ट होईल तेव्हा पहिल्याचे अडीचहून अधिक लढवय्ये उभे असतील. लागोपाठ दोन फेऱ्या मोफत मिळाल्या तर लढाई चार विरुद्ध दोन, म्हणजे १६ विरुद्ध ४ अशी होते, आणि शिल्लक राहणाऱ्यांची संख्या सुमारे ३.५ येते. फाशांच्या लहानशा लढाईला हा नियम स्थूलमानानेच लागू पडतो. तथापि दिशा स्पष्ट आहे. जी लढाई बरोबरीची होती, ती एका मोफत फेरीने एकतर्फी होते आणि दोन मोफत फेऱ्यांनी कत्तल होते. पडलेला प्रत्येक गडी पुढच्या प्रत्येक फेरीतील आपली खेळीही घेऊन जातो, म्हणून आरंभीचा तोटा वाढत राहतो.

२०२४ च्या नियमाचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. दोघांचे कौशल्यगुण समान धरले, तर एक फासा टाकणारा हल्लेखोर दोहोंतील कमी अंक घेणाऱ्या बेसावध पात्राच्या पुढे जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. ५ टक्के वेळा बरोबरी होते, आणि सुमारे ३१ टक्के वेळा बेसावध पात्रच आधी खेळते. याच नियमांनुसार हल्लेखोर दृष्टिआड असेल, तर त्याला दोन फाशांतील अधिक अंक घेता येतो. तसे झाल्यास त्याची शक्यता सुमारे ८२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे दबा धरणे अजूनही फायद्याचे आहे. मात्र ते निर्णायक राहिलेले नाही.

६. चाहूल कोणी आणि कशी घ्यायची?

तोट्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न चाहुलीचा आहे. सूत्रधाराने "सर्वांनी आसपास लक्ष देण्याचा फासा टाका" असे म्हटले, की फासा कसाही पडो, खेळाडूंना काहीतरी दडलेले आहे हे कळून चुकते. पात्र गाफील, पण खेळाडू सावध, अशी विचित्र अवस्था होते. यावर दोन उपाय रूढ आहेत. सूत्रधाराने फासा आडोशाला स्वतः टाकणे हा जुना उपाय. दुसरा उपाय चौथ्या व पाचव्या आवृत्तीत आला. त्यात प्रत्येक पात्राचा जागरूकतेचा एक स्थिर अंक आधीच नोंदवून ठेवतात. पाचव्या आवृत्तीत तो १० अधिक त्याचे कौशल्यगुण असा काढतात. लपणाऱ्याचा फासा या अंकाशी ताडून पाहायचा. खेळाडूला काहीच विचारावे लागत नाही.

दुसरी अडचण गटाची. समजा, चार जण दबा धरून बसले आहेत आणि प्रत्येकाच्या लपण्यात यशस्वी होण्याची शक्यता ७० टक्के आहे. प्रत्येकाने वेगळा फासा टाकायचा आणि एक जरी दिसला तरी बेत फसला, असे धरले, तर चौघेही लपून राहण्याची शक्यता ०.७ चा चतुर्थ घात, म्हणजे केवळ २४ टक्के उरते. लपण्यात वाकबगार असलेला गटही मग क्वचितच यशस्वी होईल. याउलट, निम्मे वा अधिक सदस्य यशस्वी झाले तर संपूर्ण गट यशस्वी मानावा, हा पाचव्या आवृत्तीतील गट-तपासणीचा नियम लावला, तर हीच शक्यता सुमारे ९२ टक्के होते. खेळाडूंचे कौशल्य तेच. सूत्रधाराने कोणती पद्धत निवडली, एवढ्यावरच निकाल फिरतो. हा निर्णय प्रसंग ओढवल्यावर न घेता खेळाच्या आरंभीच सर्वांना सांगितलेला असावा, हे यावरून स्पष्ट होते.

७. एक प्रत्यक्ष उदाहरण

२०१४ मध्ये नवशिक्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या संचातील 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' या साहसकथेचा आरंभच दबा धरलेल्या हल्ल्याने होतो. पात्रे मालाने भरलेली गाडी घेऊन निघाली आहेत. वाटेत दोन घोडे मरून पडले आहेत, आणि त्यांच्या अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले आहेत. दोहो बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे लहान चणीचे लुटारू जीव, लपलेले आहेत. सूत्रधाराने चौघांसाठी मिळून एकच फासा टाकून त्यात ६ मिळवावेत. ज्या पात्राचा जागरूकतेचा अंक या बेरजेपेक्षा कमी, ते बेसावध.

जागरूकतेचा अंक १० असलेले पात्र ८० टक्के वेळा बेसावध सापडेल, १२ असलेले ७० टक्के आणि १४ असलेले ६० टक्के वेळा. चौघांसाठी एकच फासा असल्यामुळे तो मोठा पडल्यास गटातील सारेच एकदम गाफील ठरतात. गॉब्लिनचा एक बाण सरासरी साडेपाच जीवनगुण घेतो. पहिल्या पातळीच्या जादूगाराजवळ सात-आठच जीवनगुण असतात. दोन बाण लागले की तो कोसळतो, आणि या लढाईत ते त्याच्या पहिल्या कृतीपूर्वीही लागू शकतात. आयुष्यात प्रथमच हा खेळ खेळणाऱ्याचा पहिला अनुभव "तुम्ही काही करू शकत नाही, आणि आता तुम्ही बेशुद्ध आहात" असा असू शकतो.

तरीही या प्रसंगाची रचना अन्यायाची म्हणता येत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले, मेलेले घोडे. ते डोळ्यांसमोर आहेत. गाडी लांब थांबवायची, झाडी न्याहाळायची, की सरळ पुढे जायचे, हा निर्णय खेळाडूंच्या हाती आहे. दुसरे, पराभवाची तरतूद. गॉब्लिन जिंकलेच, तर ते पात्रांना बेशुद्ध अवस्थेत सोडून, लुटून निघून जातात. शुद्धीवर आल्यावर त्यांचा माग काढता येतो. लढाई हरली तरी खेळ संपत नाही. नियम कठोर आहे; प्रसंगाच्या रचनेने त्या कठोरपणाची भरपाई केली आहे.

८. अन्य खेळांतील मार्ग

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'बाहेरही या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली गेली. १९७७ मध्ये आलेल्या, मार्क मिलर यांच्या अंतराळप्रवासावरील 'ट्रॅव्हलर' या खेळात दोन्ही पक्ष एकेक फासा टाकतात, आणि ज्याचा अंक किमान तीनने अधिक तो दुसऱ्याला बेसावध गाठतो. अधिक-उणे गुण नसतील, तर एका विशिष्ट पक्षाला हे साधण्याची शक्यता १/६ येते. नेतृत्व, डावपेचांचे ज्ञान आणि सैनिकी अनुभव यांनी ती वाढते. येथे बेसावधपणा ठरावीक काळाचा नसतो. हल्लेखोर निःशब्द राहू शकले, तर त्यांचा लाभ चालूच राहतो. गलका झाला की तो संपतो.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स' या खेळाच्या २००४ च्या आवृत्तीत पूर्ण आणि अंशतः असे बेसावधपणाचे दोन प्रकार केले आहेत. पूर्ण बेसावध पात्र फाशाने ठरेल तितके, म्हणजे एक ते सहा सेकंद, थिजून राहते, आणि त्यानंतर बुद्धीच्या बळावर भानावर येण्याचा प्रयत्न करते. या खेळातील एक खेळी एका सेकंदाची असल्याने हा तोटा भयंकर आहे. मात्र लढाईची तयारी असलेल्या पात्रांना त्यातून सूट आहे. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत बेसावध फेरी नाही. लपतछपत येणारा पुढाकारासाठी लपण्याच्या कौशल्याचाच फासा टाकतो, आणि त्याच फाशावरून तो शत्रूला दिसला की नाही हेही ठरते.

जॉन हार्पर यांचा 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) वेगळ्याच वाटेने जातो. मोहिमेच्या आरंभी एकदाच फासे टाकून पात्रे कितपत बिकट स्थितीत सापडली आहेत हे ठरवितात. दगाफटका झालाच, तर खेळाडू आपल्या पात्रावर मानसिक ताण ओढवून घेऊन त्याचा परिणाम सौम्य करू शकतो. संकट येते, पण त्याला उत्तर देण्याची संधी प्रत्येक वेळी खेळाडूला मिळते.

९. न्याय्यतेचा प्रश्न

बेसावधपणाचे नियम दोन्ही पक्षांना सारखेच लागू असतात, म्हणून ते न्याय्य आहेत, असा युक्तिवाद केला जातो. तो पुरेसा नाही. नियम समान असला, तरी परिणाम समान नसतो. सूत्रधाराचा एक पहारेकरी पडला तर त्याच्याजवळ दुसरे शंभर आहेत. खेळाडूजवळ एकच पात्र आहे. शिवाय सूत्रधार दबा कोठे आहे हे आधीपासून जाणतो. किंबहुना त्यानेच तो रचलेला असतो. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याने, ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्याकडून खेळीही काढून घ्यावी, ही स्थिती केवळ फाशाच्या निष्पक्षतेने समर्थनीय ठरत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. बेसावधपणाचा तोटा अगदीच क्षुल्लक केला, तर खेळाडूंनी स्वतः रचलेल्या दब्यालाही अर्थ राहत नाही. रात्रभर टेहळणी करून, वाऱ्याची दिशा पाहून, शत्रूच्या छावणीपर्यंत सरपटत गेलेल्या गटाला अखेरीस "पुढाकारात थोडा लाभ" एवढेच पदरी पडणार असेल, तर पुढच्या वेळी तो गट सरळ आरडाओरड करीत चाल करून जाईल. ज्या पहारेकऱ्याला कसलाही सुगावा नाही, त्याच्यासाठी लढाईचे नियम लावूच नयेत आणि कृतीचा परिणाम थेट जाहीर करावा, असा मार्ग 'डन्जन वर्ल्ड' (२०१२) या खेळाने सुचविला, तो या दृष्टीने विचारार्ह आहे.

या विवेचनातून सूत्रधारासाठी तीन कसोट्या हाती येतात. पहिली, चाहुलीची संधी : दब्यापूर्वी नजरेस पडेल अशी किमान एक खूण ठेवली होती काय? अचानक थांबलेला पक्ष्यांचा कलकलाट, अर्धवट विझलेली शेकोटी, वा वाटेवरचे मेलेले घोडे. खेळाडूंनी ती ओळखली नाही, तर तोटा त्यांचा; पण ती ठेवलेलीच नसेल, तर दोष सूत्रधाराचा. दुसरी, निर्णयाची जागा : बेसावध पात्राला पहिल्या फेरीत, लहानसा का होईना, काही निर्णय करता येतो काय? आडोशाला झेप घेणे, सोबत्याला सावध करणे वा शस्त्र उपसणे यांपैकी एकाची मुभाही पुरेशी असते. तिसरी, पराभवानंतरची वाट : हल्ला यशस्वी झाल्यास पुढे काय होईल, हे आधी ठरविले आहे काय? लुटारूंना माल हवा असतो, मारेकऱ्यांना एकच व्यक्ती हवी असते, आणि टोळीप्रमुखाला ओलीस हवे असतात. सर्वांना ठार मारणे हा दबा धरणाऱ्याचा क्वचितच एकमेव हेतू असतो.

१०. निष्कर्ष

(१) दबा आणि बेसावधपणा या भिन्न संकल्पना असून नियमांनी त्यांचा स्वतंत्र विचार करणे इष्ट आहे.

(२) 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पन्नास वर्षांत बेसावधपणाचा निर्णय दैवाकडून कौशल्याकडे, गटाकडून व्यक्तीकडे, आणि त्याचा तोटा खेळी गमावण्याकडून खेळी लांबण्याकडे सरकला.

(३) आरंभीच्या एका मोफत फेरीचा परिणाम तिच्यापुरता न राहता पुढील प्रत्येक फेरीत वाढत जातो. म्हणून खेळी पूर्णतः काढून घेणारा नियम लावायचाच असेल, तर तो कमकुवत पात्रांसाठी अपवादानेच लावावा.

(४) गटाच्या लपण्याची तपासणी कशी करायची, यावर निकाल २४ टक्के की ९२ टक्के हे अवलंबून असते. ही पद्धत आरंभी जाहीर करणे सूत्रधाराचे कर्तव्य आहे.

(५) नियमाची समानता म्हणजे न्याय्यता नव्हे. चाहुलीची संधी, निर्णयाची जागा आणि पराभवानंतरची वाट या तीन गोष्टी असतील, तर कठोर नियमही खेळाडू आनंदाने स्वीकारतात.

अध्यापनात अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद वा आपत्ती-व्यवस्थापनाचा सराव यांसारख्या भूमिकाधारित पद्धती वापरणाऱ्या प्राध्यापकांनाही हा अखेरचा मुद्दा लागू पडतो. अशा उपक्रमात अनपेक्षित प्रसंग आणणे आवश्यक असते. अन्यथा तो पाठांतराचा कार्यक्रम होतो. परंतु जो प्रसंग विद्यार्थ्याला केवळ निरुत्तर करून खाली बसवितो, त्यातून तो काही शिकत नाही. तो निरुत्तर झाल्यानंतरचे पहिले पाऊल त्याला टाकता आले पाहिजे, आणि ते टाकण्याइतकी जागा प्रसंग रचणाऱ्या अध्यापकाने आधीच राखून ठेवलेली असली पाहिजे.